बिलोलीची जीप आणि कलम ५२

गेल्या महिन्यात काही घरगुती कामानिमित्त आम्हांस बिलोलीस जाण्याचा योग आला. तेलंगणाच्या सीमेलगतचे, मांजरेच्या खोऱ्यातील हे तालुक्याचे गाव. शहाजहानच्या काळातील दगडी मशिदीमुळे इतिहासाच्या जाणकारांस ते ठाऊक असते. एरव्ही ते फारसे कोणाच्या खिजगणतीत नसते. वृत्तपत्राच्या व्यवसायात पडण्यापूर्वी आम्ही काही वर्षे या भागात शिक्षकी केली होती. त्या वेळचा एक विद्यार्थी रस्त्यात भेटला आणि आग्रहाने आपल्या गॅरेजात घेऊन गेला. गणिताच्या तासाला हटकून मागच्या बाकावर बसणारा हा मुलगा आज चाळिशी ओलांडलेला पक्का मिस्त्री झालेला आहे. रविवार असल्यामुळे गॅरेजाच्या पत्र्याखाली पाच-सात मंडळी आपापली वाहने घेऊन जमली होती. कोणी देगलूरचा, कोणी धर्माबादचा, एक तर सीमा ओलांडून बोधनहून आलेला. एकाने वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी केली होती, दुसऱ्याने जुनी मोटारसायकल सुटी करून तिचा प्रत्येक भाग घासूनपुसून पुन्हा जोडला होता. कोणता भाग कोठे मिळाला, कोणता लेथवर करून घ्यावा लागला, कोणते वायसर फसले आणि कोणते बसले, याचीच चर्चा चालली होती. आणि अपयशाच्या गोष्टीही यशाच्या गोष्टींइतक्याच मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या.

आमच्या विद्यार्थ्याने दाखविली ती एक जीप. भंगारात निघालेला सांगाडा त्याने विकत घेतला. मूळ इंजिन कामातून गेलेले, म्हणून दुसऱ्या बनावटीचे डिझेल इंजिन बसविले. जुने ड्रम ब्रेक काढून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, डोक्यावर जाड नळ्यांचा पिंजरा केला, बसणाऱ्यांसाठी पट्टे बसविले. या कामी तीन वर्षांचे रविवार गेले. आम्ही कौतुक केले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “सर, रस्त्यावर काढली तर गुन्हा, अन् शेडात ठेवली तर भंगार. तुम्हीच सांगा, हिला ठेवू कुठं?”

मोटारींची हौस हा अग्रलेखाचा, त्यातही पहिल्या पानावरील अग्रलेखाचा विषय होतो काय, असे कोणी विचारील. पिण्याचे पाणी, पिकांचे भाव आणि तरुणांची बेकारी हे प्रश्न मराठवाड्यापुढे आ वासून उभे असता जुन्या जीपगाड्यांची चिंता कोणी वाहावी? आमचे उत्तर असे की, त्या मिस्त्रीचा प्रश्न वरवर हौसेचा दिसला, तरी तो मुळात हातांतील कसबाचा आणि त्या कसबाकडे पाहण्याच्या शासनाच्या दृष्टीचा आहे. बेकारीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध वाटतो त्याहून पुष्कळच निकटचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, कारखानदाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणी या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी मूळ रचनेत असा बदल चालणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. त्यानुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविणे, अपंग व्यक्तीसाठी वाहनात सोयी करून घेणे, अशा काही गोष्टींना मुभा आहे. आमच्या विद्यार्थ्याची जीप या मुभेत बसत नाही.

हा कायदा निर्बुद्ध आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. हौसेच्या नावाखाली जो धुडगूस चालतो तो आमचे वाचक रोज कानांनी ऐकतात आणि डोळ्यांनी पाहतात. सायलेन्सरच्या पोटातील जाळ्या काढून फटाक्यांसारखा आवाज करीत रुग्णालयांवरून आणि शाळांवरून मोटारसायकली पिटाळणारे वीर कोणत्या शहरात नाहीत? महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरविला, तो योग्यच केला. गाडीपुढे लोखंडी नळ्यांचे कुंपण लावण्याची चाल अशीच. टक्कर झाली असता गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का पोटात घ्यावा, अशी कारखानदाराची योजना असते. हे कुंपण तो धक्का थेट सांगाड्याकडे पोहोचविते, हवेच्या पिशव्यांच्या संवेदकांना चकविते, आणि समोर पादचारी असेल तर त्याची हाडे मोडते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना या कुंपणांविरुद्ध कारवाई करण्यास कळविले, ते यासाठीच. झगझगीत दिवे समोरच्याला आंधळा करतात. कापलेल्या स्प्रिंगा गाडीचा तोल बिघडवितात. तारा तोडून केलेले जोड तापून गाडी पेट घेते. शिवाय असा फेरफार विमा कंपनीस न कळविता केला, तर अपघातानंतर भरपाईचा वाद उपस्थित होतो, आणि त्याचा भोग अनेकदा निरपराध कुटुंबाला भोगावा लागतो.

मार्गदर्शनाविना चाललेले कसब कोठवर जाते, याचे एक हृदयद्रावक उदाहरण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात घडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथील एका तरुण वेल्डरने मारुती ८०० चे इंजिन लावून घरच्या घरी हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाला थोडेच दिवस उरले असता, रात्री घेतलेल्या चाचणीत पंखा तुटून त्याच्या डोक्यावर आदळला आणि तो प्राणास मुकला. वृत्तपत्रांनी त्याला चित्रपटातील नायकाची उपमा दिली, हळहळ व्यक्त केली आणि विषय मिटला. त्याच्या पंख्याची जोडणी एखाद्या अभियंत्याने आधी तपासून पाहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तपासून घ्यावयाचे म्हटले असते, तर तो कोणाकडे गेला असता? आमच्या मते मर्म येथेच आहे.

त्याच वर्षअखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या, कै. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका कारागिराने भंगारातील सामान जमवून छोटी जीप बनविल्याचे प्रसिद्ध झाले. इंजिन दुचाकीचे, चाके रिक्षाची, आणि सुरू करावयाची ती लाथ मारून! खर्च सुमारे साठ हजार रुपये. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. पण त्याच दमात हेही सांगितले की, ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या तिला अडवतीलच. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबास मिळालीही. या औदार्याबद्दल महिंद्र यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु एखाद्या उद्योगपतीच्या उदारतेने एका कारागिराचा प्रश्न सुटतो. ज्यांच्याकडे कोणाही उद्योगपतीचे लक्ष गेलेले नाही, त्यांनी काय करावे?

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. अशा मोटारीस ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असते, आणि प्रदर्शने व रॅली यांकरिता ती रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. जुन्या मोटारी हा इतिहासाचा ठेवा आहे, आणि तो जपणाऱ्यांना अभय मिळावयासच हवे. मुंबईची अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा कितीजणांचे डोळे पाणावले! पण या नियमाचा लाभ कोणाला होतो? ज्यांच्या आजोबांपाशी मोटार होती आणि ती अभंग ठेवण्यास ज्यांच्यापाशी पैसा व जागा होती, अशांना. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली ती २७ गाड्यांनिशी. त्या काळी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मोटार ही पाहावयाची वस्तू होती. येथील हौशी माणसाला वारसा मिळतो तो भंगाराचा. ते भंगार जिवंत करावयाचे म्हणजे इंजिन बदलणे आले, भाग घडविणे आले. म्हणजे जतन करणाऱ्या धनिकाला कायद्याने दार उघडून दिले आणि घडविणाऱ्या कारागिरापुढे भिंत उभी केली, असा त्याचा अर्थ होतो.

इतर देशांनी हा पेच सोडविलेला आहे. ब्रिटनमध्ये स्वतः जोडलेली किंवा मुळापासून बदललेली एकच एक गाडी असली, तरी ती तपासणी केंद्रावर नेऊन ब्रेक, दिवे, धूर, आवाज व बांधणी यांची परीक्षा देता येते, आणि उत्तीर्ण झाल्यास रस्ता मोकळा होतो. जर्मनीत फेरफार तज्ज्ञ संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदविला जातो. न नोंदविलेल्या फेरफाराला तेथील पोलीस अजिबात दयामाया दाखवीत नाहीत. आपल्याकडे वाहनांस मान्यता देणारी मोठी संस्था पुण्याची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. तिची योजना मुख्यतः हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी. बिलोलीच्या मिस्त्रीने चारशेहून अधिक किलोमीटर दूरच्या त्या दाराशी आपली एकुलती एक जीप कोणत्या बळावर न्यावी?

अशा छंदांतून काही निष्पन्न होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास चाळावा. १९४८ साली लंडनमधील कॉलिन चॅपमन या विद्यार्थ्याने एका जुन्या ऑस्टिनवर स्वतःच्या कल्पनेची मोटार चढविली. त्यातूनच पुढे लोटस कंपनी जन्मास आली. दूर कशाला, मुंबईच्या तंत्रशाळेत शिकविणाऱ्या आणि बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. ती वाडी आणि देवराष्ट्रे ही दोन्ही आज एकाच सांगली जिल्ह्यात आहेत. प्रत्येक गॅरेजातून किर्लोस्कर निपजेल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या समाजात हातांनी करून पाहणे हाच अपराध ठरतो, तेथे किर्लोस्कर निपजण्याची वाटच बंद होते, हे निश्चित.

म्हणून आमच्या सूचना स्पष्ट आहेत. विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा अधिकार कलम ५२ नेच केंद्र सरकारला दिलेला आहे. त्याचा वापर करून, विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या उपयोगासाठी केलेल्या एकेकट्या वाहनाच्या तपासणीची पद्धत घालून द्यावी. राज्य सरकारने त्यासाठी दिल्लीकडे आग्रह धरावा. तपासणी जिल्ह्यातच व्हावी. नांदेडला विष्णुपुरी येथे १९८१ पासून श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. महाविद्यालयातील प्राध्यापक आणि परिवहन निरीक्षक यांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसून अशी वाहने पाहावीत. ब्रेक, सुकाणू, दिवे, धूर, आवाज आणि सांगाड्याचे वेल्डिंग तपासावे. जे वाहन उतरेल त्याची नोंद करावी, वेगाची व अंतराची मर्यादा घालावी, विम्याची सक्ती करावी. जे उतरणार नाही ते का उतरले नाही हे कारागिराला लेखी सांगावे. एवढे एक लेखी उत्तर त्याला दहा व्याख्यानांहून अधिक शिकवील, हे आम्ही शिक्षकाच्या अनुभवाने सांगतो.

हौशी मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्यातील जो सायलेन्सर फोडतो, जो रात्री महामार्गावर शर्यत लावतो, त्याला पाठीशी घालाल तर तुमच्या कसबाला सहानुभूती मिळणार नाही. त्याला आपल्या रविवारच्या बैठकीतून प्रथम तुम्हीच बाहेर काढले पाहिजे. आणि परीक्षा मागता तर नापास होण्याचीही तयारी हवी. “माझ्या हातावर माझा विश्वास आहे” एवढ्यावर रस्ता मिळत नाही. त्या रस्त्यावरून दुसऱ्यांची मुले शाळेत जात असतात.

बिलोलीच्या त्या मिस्त्रीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. नियम मोडून जीप रस्त्यावर काढ, असे सांगणे आम्हांस शक्य नव्हते, आणि तीन वर्षांच्या मेहनतीचे भंगार कर, असे सांगवेना. निघताना त्याने एका तरट घातलेल्या बाकावर बसलेली दोन पोरे दाखविली. शाळा सुटल्यावर ती त्याच्याकडे पाने धरावयास आणि नट ओळखावयास शिकतात. त्यांतील एकाने आम्हांला विचारले, “सर, ही जीप पास होईल का हो?” तो प्रश्न आम्ही आज जसाच्या तसा सरकारपुढे ठेवीत आहोत. जीप पास होईल की नाही हे ती तपासल्यावर ठरेल. पण निदान तिची परीक्षा तरी घ्या.