फिल्टर कुणाला लावताय? गाईला की लसीला?

आज थोडं भांडायचंय. भांडण कुठल्या फ्रेमवर्कशी नाही. फ्रेमवर्क हातात आल्यावर अक्कल खुंटीला टांगणाऱ्या आपल्याच जमातीशी आहे. विषय तसा रुक्ष: ईगर लोडिंगने आणलेल्या संबंधित रेकॉर्ड्सवर फिल्टर लावणं. "ह्यात भांडण्यासारखं काय आहे राव?" असं वाटत असेल तर जरा थांबा. माझं म्हणणं असं, की ह्या एका ओळीत आपण सर्रास आकडे खोटे पाडतो, आणि ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं नेमके तेच त्यातून गायब होतात.

आधी शब्दाचा अर्थ. मुख्य टेबलातले रेकॉर्ड आणतानाच त्यांना जोडलेले दुसऱ्या टेबलातले रेकॉर्डही उचलून आणायचे, म्हणजे ईगर लोडिंग. ते नाही केलं तर शंभर रेकॉर्डसाठी एकशे एक क्वेऱ्या उडतात. हाच तो सुप्रसिद्ध 'एन प्लस वन'चा रोग. औषध चांगलंच आहे. भानगड होते ती त्या औषधात आपण अट कालवतो तेव्हा.

कस्टमर आणि ऑर्डरचं उदाहरण देणार नाही, ते वाचून तुम्हीही कंटाळला असाल. काष्टीचं देतो. श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे गाव. शनिवारी इथे गुरांचा मोठा बाजार भरतो. पूर्वी व्यवहार चालायचा तो दात बघून, कास बघून आणि शब्दावर. आता जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला लागतो. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला राज्यात मनाई आहे. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा तर राज्यातले गुरांचे बाजारच बंद ठेवावे लागले होते. तेव्हा "कुठल्या जनावराला कुठली लस टोचलीय?" हा प्रश्न इथे कुणाच्या तरी पोटापाण्याचा आहे.

समजा, बाजारात बसणाऱ्या पशुवैद्यकासाठी तुम्ही एक अ‍ॅप लिहिताय. टेबलं दोनच: 'जनावरं' आणि 'लसीकरण'. आज चार जनावरं आली:

खिलार बैल: लाळ्या-खुरकूतची लस दोनदा, लम्पीची एकदा.
म्हैस: लाळ्या-खुरकूतची लस एकदा.
संकरित गाय: फक्त लम्पीची लस.
गावरान कालवड: एकही नोंद नाही.

डॉक्टर म्हणतात, "आज आलेली सगळी जनावरं दाखवा, आणि प्रत्येकासमोर त्याची लाळ्या-खुरकूतची नोंद दाखवा." साधी मागणी आहे. आपला प्रोग्रामर 'जनावरं' घेतो, 'लसीकरण' ईगर लोड करतो आणि खाली 'व्हेअर'मध्ये लिहितो: लस बरोबर लाळ्या-खुरकूत. स्क्रीनवर येतात दोन जनावरं, बैल आणि म्हैस. खाली पट्टी झळकते: एकूण जनावरं २, लस घेतलेली २, लसीकरण शंभर टक्के!

गाय आणि कालवड कुठे गेल्या? डॉक्टरांना खरं तर त्याच दोघी बघायच्या होत्या ना?

त्या गेल्या त्याचं कारण जुनं आणि साधं आहे. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणापासून लेफ्ट जॉईनचा अर्थ ठरलेला आहे: डावीकडचा प्रत्येक रेकॉर्ड राहणार, उजवीकडे जोड मिळाली नाही तर तिथे नल भरलं जाणार. म्हणजे जॉईन होईपर्यंत कालवड जिवंत आहे, तिच्यासमोर लसीच्या जागी नल आहे. मग येतं 'व्हेअर'. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर 'खरं' येत नाही, आणि 'व्हेअर' फक्त 'खरं'च आत सोडतं. कालवड बाहेर. गाईचंही तेच: तिची एकमेव नोंद लम्पीची, ती अटीत बसत नाही, म्हणून नोंदीबरोबर गायही गेली. हीच अट जॉईनच्या 'ऑन'मध्ये असती तर चारही जनावरं राहिली असती. अट तीच, फक्त लिहायची जागा वेगळी, आणि प्रश्न पार बदलला. 'व्हेअर'ने गाय गाळली जाते, 'ऑन'ने लस.

आता रेल्सवाल्यांची गंमत बघा. 'इन्क्लूड्स' लिहिलं की रेल्स कधी दोन वेगळ्या क्वेऱ्या मारतं, कधी लेफ्ट जॉईन करतं. अटीच्या मजकुरात दुसऱ्या टेबलाचं नाव दिसलं की पूर्वी ते स्वतःच अंदाज बांधून जॉईन करायचं. ही अंदाजपंचे पद्धत २०१३ च्या ४.० मध्ये मोडीत काढायचं ठरलं आणि २०१४ च्या ४.१ मध्ये ती गेली. आता तिथे 'रेफरन्सेस' लिहून स्पष्ट सांगावं लागतं. चांगला निर्णय होता. पण आपण काय करतो? "टेबल सापडत नाही" अशी एरर येते, इंटरनेटवर शोधतो, 'रेफरन्सेस' चिकटवतो, एरर जाते, आपण चहाला जातो. एरर गेली, पण क्वेरीचा अर्थ आता "सगळी जनावरं" राहिलेला नाही, हे बघायला कुणी थांबत नाही.

बरं, उलट बाजूनेही मार आहेच. समजा, अट नीट 'ऑन'मध्ये लिहिली. चारही जनावरं आली. पण बैलाच्या ऑब्जेक्टला लटकलेल्या यादीत आता तीन नाही, दोनच नोंदी आहेत. त्या यादीचं नाव मात्र अजूनही 'लसीकरण'च! हाच ऑब्जेक्ट पुढे दुसऱ्या प्रोग्रामरच्या फंक्शनकडे जातो, तिथे आरोग्य दाखला तयार होतो, आणि त्यावर छापलं जातं: "लम्पीची लस: नाही". त्या प्रोग्रामरची काय चूक? त्याला मिळालेल्या यादीवर 'अर्धवट' असा शिक्का कुठेच नव्हता. शेतकऱ्याने मात्र लस टोचून घेतलेली असूनही त्याचा बैल दावणीलाच अडकला.

हा धोका फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. जँगोने २०१४ मध्ये १.७ आवृत्तीत 'प्रीफेच' ऑब्जेक्ट आणला आणि त्याचं दस्तऐवजीकरण स्वच्छ सांगतं, की गाळलेली यादी 'टू अ‍ॅट्र' वापरून वेगळ्या नावाखाली ठेवलेली बरी. जेपीएचं प्रमाण तर फेच जॉईनला टोपणनाव द्यायलाच परवानगी देत नाही, म्हणजे त्यावर अट लावायचा मोहच नको. हायबरनेट ते देऊ देतं, पण सावध करून. मायक्रोसॉफ्टच्या ईएफ कोअरमध्ये फिल्टर लावलेला 'इन्क्लूड' २०२० मध्ये ५.० आवृत्तीत आला. लाराव्हेलमध्ये 'विथ'च्या आत लिहिलेली अट लसी गाळते आणि 'व्हेअरहॅज' जनावरं गाळतं. लोक दोन्ही ठिकाणी तीच अट लिहून दमले, म्हणून २०२२ मध्ये 'विथव्हेअरहॅज' आलं. सगळीकडे दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळ्या जागा आहेत. आपण मात्र दोन्ही प्रश्न एकाच ओळीत कोंबतो आणि वर म्हणतो, "ओआरएम विचित्र आहे."

आता नेहमीचे तीन युक्तिवाद.

"एकच क्वेरी वेगवान असते." प्रत्येक वेळी नाही. बैलाच्या तीन नोंदी म्हणजे जॉईनमध्ये बैल तीनदा येतो. वर पानाला वीसची मर्यादा सरळ त्या जॉईनला लावली तर त्या वीस ओळी होतात, वीस जनावरं नव्हेत. आणि समजा वेगवान असली, तरी चुकीचं उत्तर लवकर मिळवून करायचंय काय?

"फ्रेमवर्क बघून घेईल." फ्रेमवर्कला तुमची गाय माहीत नाही. तुम्ही काय विचारलंत तेवढंच त्याला कळतं.

"आमच्या डेटात असं होत नाही." हा माझा सगळ्यात नावडता. टेस्ट डेटा आपणच बनवतो आणि त्यात प्रत्येक जनावराला गुणी बाळासारखी एक तरी लस टोचून ठेवतो. मग कालवड हरवली हे टेस्टला कळणार कसं? आणि हा प्रश्न फक्त गुरांचा नाही. एकदाही दवाखान्यात न आलेली गरोदर बाई, एकही हप्ता न मिळालेला लाभार्थी, शाळेत एकदाही हजेरी न लागलेलं पोरगं, ह्यांच्या खात्यात दुसऱ्या टेबलात शून्य रेकॉर्ड असतात. योजना त्यांच्यासाठीच असते, आणि आपली 'व्हेअर'ची ओळ पहिल्यांदा त्यांनाच वगळते. बरं, यादीतच नसलेला माणूस "माझं नाव का नाही?" म्हणून तक्रार तरी कुठे करणार?

मग करायचं काय? क्वेरी लिहिण्याआधी दोन वाक्यं मराठीत लिहा. एक: मला कोणती जनावरं हवीत? दोन: त्या जनावरांच्या कोणत्या नोंदी हव्यात? पहिल्याचं उत्तर मुख्य टेबलावर द्या, आणि लसीवरून जनावर निवडायचं असेल तर 'एक्झिस्ट्स' वापरा. दुसऱ्यासाठी वेगळी क्वेरी करा आणि गाळलेल्या यादीला वेगळं नाव द्या. 'लाळ्याच्या नोंदी' असं नाव दिसल्यावर तिला कुणी पूर्ण यादी समजणार नाही.

सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या टेस्ट डेटात एक कालवड सोडा, म्हणजे मुख्य टेबलात असलेला आणि दुसऱ्या टेबलात एकही नोंद नसलेला रेकॉर्ड. मग सगळे रिपोर्ट पुन्हा चालवा आणि ती कुठेकुठे दिसत नाही ते मोजा. आकडा शून्य आला तर तुमच्या टीमला माझ्याकडून एक कटिंग.