हंसाबेन मेहतांच्या विद्यापीठाकडे काही मागण्या

दिनांक : 17 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय, वडोदरा

विषय : लोकशाही व कायद्याचे राज्य यांचा अभ्यासक्रम, आणि विद्यापीठाच्या कारभारात निवडून आलेले प्रतिनिधी परत आणण्याबाबत.

महोदय,

आम्ही वडोदऱ्यातले मराठी भाषक, या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि पालक. येत्या 10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त हे निवेदन सादर करीत आहोत.

परदेशांत लोकशाही रुजावी म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था निवडणूक निरीक्षक पाठवतात, न्यायाधीशांना प्रशिक्षण देतात, मतदारयाद्यांच्या कामात मदत करतात. 1993 साली कंबोडियात तर संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच निवडणूक घेतली. या कामाला आधार आहे तो मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या कलम 21चा : सत्तेचे अधिष्ठान जनतेची इच्छा, आणि ती ठरावीक मुदतीने होणाऱ्या खऱ्या निवडणुकांतून व्यक्त व्हावी. तो जाहीरनामा तयार करणाऱ्या आयोगावर भारतातर्फे हंसाबेन मेहता होत्या. बडोद्याच्या दिवाणांची ही मुलगी बडोदा कॉलेजात शिकली आणि 1949 ते 1958 या काळात या विद्यापीठाची कुलगुरू होती. आज आपण त्यांच्याच खुर्चीवर आहात.

जाहीरनाम्याच्या मसुद्यात आधी ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यात स्त्रिया आल्याच, असे आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांचे मत होते. हंसाबेनांनी ते मानले नाही. काही देश या शब्दांचा सोयीने अर्थ लावून स्त्रियांना बाहेर ठेवतील, अशी त्यांची हरकत होती. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये 48 मतांनी जाहीरनामा मंजूर झाला, 8 देश तटस्थ राहिले, विरोधात एकही मत पडले नाही. त्यात ‘सर्व मानव’ होते. हंसाबेनांच्या नावाच्या ग्रंथालयात रोज ये-जा करणाऱ्या मुलांना एवढे तरी ठाऊक असावे.

म्हणून आमची मागणी अशी, की त्या ग्रंथालयात आयोगाच्या कामकाजाच्या नोंदींच्या प्रतींचे कायमचे दालन उभारावे, आणि जाहीरनाम्याची मराठी व गुजराती प्रत प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. कायदा आणि राज्यशास्त्र विभागांनी मिळून एक अभ्यासक्रमही सुरू करावा. त्यात नुसते गोडवे नकोत. 2003 नंतरच्या इराकमध्ये बाहेरून आणलेल्या लोकशाहीचे काय झाले, हेही शिकवावे. 2005 साली संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीला भारताने 1 कोटी डॉलर दिले. तो पैसा आपल्या करदात्यांचा होता, तेव्हा निधीने कुठे काय साधले हे तपासणे विद्यापीठाचे काम नव्हे काय? वडोदऱ्याचा धडाही त्यात हवा. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण आणले, पण 1917 साली त्यांच्याच नोकरीत आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्यतेमुळे या शहरात राहायला जागा मिळाली नाही. कायदा वरून येतो. वस्ती त्याला जुमानतेच असे नाही.

आता मुख्य मागणी. पूर्वी नोंदणीकृत पदवीधर मतदान करून सेनेटवर आपला प्रतिनिधी पाठवत. 2023च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट आणि सिंडिकेट दोन्ही गेले, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. हा कायदा आपण केलेला नाही आणि आपण तो बदलूही शकत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु पदवीधर, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी कारभारात असावेत, असा ठराव मंडळापुढे ठेवून राज्य सरकारकडे पाठवणे आपल्याला अशक्य नाही. तोवर मंडळाच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त पंधरा दिवसांच्या आत मराठी, गुजराती व इंग्रजीत प्रसिद्ध व्हावे. त्याला सरकारची परवानगी लागू नये.

या मागण्यांवर चर्चेसाठी 10 डिसेंबरपूर्वी भेटीची वेळ द्यावी आणि जी मागणी मान्य होणार नसेल तिचे कारण लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
वडोदऱ्यातील मराठी भाषक माजी विद्यार्थी व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)