रोपांआधी माती

वाटूर फाट्यावरून जालन्याकडे जा की मंठ्याकडे, दिवाळीच्या सुमारास दोन्ही अंगांना कापूस आणि तूरच दिसते. राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते आणि त्यावर उपाय म्हणून आपल्याला वृक्षारोपण तेवढे सुचते. राज्याच्या मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ मध्ये दोन कोटी रोपांचे होते, ते २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. चर्चा झाली ती आकड्यांची. ज्या मातीत रोपे लावायची तिच्याविषयी फारसे कुणी बोलले नाही. आमचे म्हणणे इतकेच, की जंगल आधी जमिनीखाली उभे राहते. तिथला जीव गेला असेल, तर वरचे रोप टँकरच्या भरवशावर किती तगणार?

जंगलाला कुणी खत घालत नाही, तरी त्याचा कस टिकतो. कंपोस्टची इंदूर पद्धत विकसित करणारे अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात शेतकऱ्याने जंगलाकडूनच शिकावे, असा आग्रह धरला तो यामुळेच. गळालेला पाला किडे कुरतडतात, बुरशी आणि जिवाणू तो कुजवतात आणि त्यातले अन्न पुन्हा मुळांना मिळते. काही बुरशा तर मुळांशीच जोडलेल्या असतात: मुळे पोहोचत नाहीत तिथला स्फुरद त्या आणून देतात आणि झाडाने बनवलेली साखर मोबदला म्हणून घेतात. गांडुळे माती किती उलथवतात, हे डार्विनने १८८१ मध्येच दाखवले होते. आपल्याकडच्या कोरड्या रानात वाळलेले लाकूड फोडण्याचे बरेचसे काम वाळवी करते आणि तिच्या बिळांतून पावसाचे पाणी खाली मुरते. नागपंचमीला नांगर न धरणाऱ्या, वारुळाला पुजणाऱ्या समाजाला हे नवे वाटू नये.

यावर कुणी म्हणेल, आमची काळी जमीन मुळातच कसदार, तिला जंगलाची शिकवण कशाला? चिकणमातीमुळे ही जमीन ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते, हे खरेच. पण सेंद्रिय अंश घटला की तीच पावसात दबून घट्ट होते, उन्हात जास्त भेगाळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन-चार एकरांच्या धन्याने रान पडीक ठेवायचे, तर खायचे काय? सोयाबीनचा भुसा गुरांना लागतो, पऱ्हाट्या चुलीला. म्हणून शेताचे जंगल करा, असे आम्ही म्हणत नाही. बांध मात्र पेटवू नयेत आणि तुरीची धसकटे उपटण्याऐवजी मुळे जमिनीतच कुजू द्यावीत. यात पिकाखालची जमीन कमी होत नाही. गायरानाचा सगळा भाग चराईला बंद करणेही अन्यायाचे ठरेल. एखादा तुकडा, ओढ्याचा काठ, स्मशानभूमीची कड एवढे काही वर्षे आगीपासून आणि चराईपासून राखले, पाला तिथेच राहू दिला, तर पळस, बाभूळ, कडुनिंब आपसूक उगवण्याची शक्यता वाढते. जे उगवणार नाही, ते मग लावावे.

म्हणून विनंती एकच: यंदाच्या ग्रामसभेत किती रोपे आणायची याआधी, येत्या उन्हाळ्यात गावातला कोणता तुकडा जळू द्यायचा नाही, हे ठरवावे.