मनोभाषाविज्ञान आणि विद्यापीठातील भिंती

भाषा ही सवयीने जडणारी वर्तणूक होय, असे प्रतिपादन स्किनर यांनी १९५७ साली केले आणि १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी त्याचे परखड खंडन केले. मूल ऐकलेलीच वाक्ये पुन्हा म्हणत नाही. कधीही न ऐकलेली वाक्ये ते स्वतः घडवते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. या वादाने मनोभाषाविज्ञानाला मोठी चालना दिली. माणूस भाषा कशी शिकतो, कशी समजून घेतो आणि मेंदूला इजा झाल्यास ती कशी गमावतो, हे या शास्त्राचे विषय होत.

आपल्याकडे पदव्युत्तर पातळीवर मात्र या शास्त्राची ओढाताण होते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला वर्णविचार आणि वाक्यविचार येतो, पण प्रयोगाची आखणी व संख्याशास्त्र येत नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी उलट. दोन्ही विभाग एकाच आवारात असूनही मनोभाषाविज्ञान बहुधा एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरते उरते. ही भिंत ओलांडता येते, हे अलाहाबाद विद्यापीठाने २००२ मध्ये वर्तन व बोधविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र काढून दाखविले आहे.

ही विद्वानांची चैन आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चार नंतर होतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जात असला, तरी उच्चार भिन्न आहेत. वाचताना अडखळणारे मूल नेमके कोठे अडते, याचे उत्तर इंग्रजी मुलांवरील संशोधनातून कसे मिळणार? पक्षाघातानंतर वाचा गमावलेल्या रुग्णाचेही तसेच. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीवरून केवळ भाषांतरित केलेल्या चाचणीत ही क्षमता तपासलीच जात नाही. मग उपचाराची दिशा ठरवायची कशावरून?

यासाठी अवाढव्य खर्चाची गरज नाही. वाचनास लागणारा वेळ मोजण्याचे अनेक प्रयोग साध्या संगणकावर होतात. गरज आहे ती दोन विभागांनी मिळून चालवावयाच्या एम.ए. अभ्यासक्रमाची, मराठी मुलांच्या बोलण्याच्या पद्धतशीर नोंदींची आणि शाळा व रुग्णालये यांच्याशी कायम संबंध ठेवणाऱ्या अध्यापकांची.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्त जुन्या ग्रंथांचे संशोधन व्हावे, हे योग्यच. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली मराठी त्यांच्या मनात कशी वावरते, याचाही शोध आपल्याच विद्यापीठांनी घ्यावयास हवा. तो बाहेरून कोणी येऊन घेणार नाही.