गाळप परवान्यात बाईची नोंद कुठे आहे?

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. शंभरात सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. अहवाल आणि शिफारशी सरकारच्या दप्तरी आहेत, तेव्हा पार्श्वभूमी सांगत बसत नाही. 2025 मध्ये बीडच्याच आरोग्य विभागाकडून पुन्हा आकडे आले. पिशवी काढलेल्या 843 महिला, त्यांतल्या 477 तीस ते पस्तीस वयाच्या. शिवाय 1,523 गर्भवती बायका ऊसतोडीच्या कामावर. मधल्या सहा वर्षांत सरकारने नेमके काय केले?

शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली, हे मान्य आहे. लुबाडणाऱ्या डॉक्टरांना त्याने थोडा चाप बसला असेल. पण बाई त्या डॉक्टरच्या दारात का जाते, याचे उत्तर उसाच्या फडात आहे, दवाखान्यात नाही. पहाटे चारला उठायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवायच्या. रात्री गाडी आली तर रात्रीही भरायची. राहायला कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायलाही पुरेसे पाणी नाही. अंगावरून जायला लागते, पोटात कळा येतात, पण एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतो. मग कोणीतरी सांगतो, पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल. ऑपरेशनच्या पैशासाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते आणि ती फेडायला तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा फडात उतरते, या वेळी दुखऱ्या कमरेने.

हा अन्याय चालू राहतो, कारण या बाईचा मालक कोणीच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल नवऱ्याच्या नावावर, करार मुकादमाशी. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून पै-पैने कापून घेणारा कारखाना तोडणाऱ्या बाईचे नाव मात्र हजेरीपटावर घेत नाही. हजेरी नाही म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाची रजाही नाही. प्रसूती लाभाचा कायदा या देशात 1961 साली झाला, आणि ऊसतोड करणारी बाई आजही नवव्या महिन्यापर्यंत मोळी उचलते.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, हे सरकार अभिमानाने सांगते. टनाला सुमारे 366 रुपये झाले. दोघे मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. म्हणजे बारा तासांहून अधिक राबून दोन माणसांना साडेपाचशे ते सव्वासातशे, आणि तेही उचलीतून वळते होणारे.

आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ? टनामागे दहा रुपये कारखान्याचे, तितकेच सरकारचे, असे ठरले होते. राज्यात वर्षाला दहा कोटी टन ऊस गाळला, तरी ही रक्कम 200 कोटींची होते. किती कारखान्यांनी भरले, सरकारने आपला हिस्सा किती दिला आणि त्यातून किती फडांवर पाण्याची टाकी व संडास उभे राहिले, याचा जिल्हावार हिशेब जाहीर करा. मोर्चे काढून, निवेदने देऊन संघटना थकल्या. त्यांना आश्वासन नको, हिशेब हवा.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे उद्दिष्ट देशाने 2025 मध्येच गाठले. हरित इंधन म्हणून त्याचा गौरव होतो. पण ज्या उसापासूनही ते बनते, तो लागवडीखालच्या जमिनीचा लहानसा तुकडा व्यापून राज्याच्या सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पितो. त्याच राज्यात 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या कोरड्या गावांत शेती पिकत नाही, तिथलीच माणसे दरवर्षी हे पीक तोडायला घर सोडतात. पाणी, आरोग्य, मुलांची शाळा गमावून किंमत त्यांनीच मोजायची आणि स्वच्छ इंधनाचे श्रेय इतरांनी घ्यायचे, याला मी शाश्वत विकास मानत नाही. ही लूट आहे.

उपाय सरकारच्या हातात आहे. गाळप हंगाम कधी सुरू करायचा, हे आपल्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. शेतकऱ्याच्या उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवून धरतात, आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याच्या पैशासाठी परवाना अडू शकतो, तर बाईच्या शरीरासाठी का नाही? प्रत्येक ऊसतोड महिलेची स्वतंत्र नोंद कारखान्याच्या हजेरीपटावर, तिच्या मजुरीचे पैसे तिच्या खात्यात, तळावर पाणी आणि संडास, पाळीच्या व आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, आणि गर्भवतीला पगारी रजा. हे नसेल त्या कारखान्याला परवाना नाही. यासाठी नवा कायदा लागणार नाही, नवी समिती तर मुळीच नको.

येत्या हंगामाच्या बैठकीत मंत्री समितीने हा ठराव करावा आणि त्याच दिवशी तो साखर आयुक्तांकडे अंमलबजावणीसाठी पाठवावा, ही मागणी आहे.

आपली,
एक मराठवाडी नागरिक