घरच्या संगणकातला हेर चिवट का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला. मुदतवाढीसाठी नोंदणी न केलेल्या संगणकांना तेव्हापासून सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या. अशा जुन्या यंत्रांत स्पायवेअर, म्हणजे मालकाच्या नकळत त्याच्यावर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर, शिरणे अधिक सोपे असते. पुढचा अनुभव बहुतेक घरांत ठरलेला असतो. न मागता जाहिरातींच्या खिडक्या उघडतात, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलते, यंत्र मंदावते. सापडलेल्या फायली पुसल्या जातात आणि संगणक पुन्हा सुरू करताच ती ब्याद पुन्हा हजर होते. दोष मात्र वापरणाऱ्याच्या अज्ञानावर ढकलला जातो. वस्तुतः हा चिवटपणा मुद्दाम घडवलेला असतो.

त्याचे बोलके उदाहरण एका बड्या संगीत कंपनीने घालून दिले. गाण्यांची नक्कल रोखण्यासाठी सोनी बीएमजीने ५२ अल्बमच्या सीडींवर एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर घातले होते. सीडी विंडोज संगणकावर ऐकायची, तर सोबतचा प्लेअर बसवणे भाग होते. त्या प्लेअरबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप आत येत असे. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ती उघडकीस आणली. तिला ‘रूटकिट’ म्हणतात. ठरावीक अक्षरांनी नाव सुरू होणारी कोणतीही फाइल ती विंडोजच्याच नजरेआड करीत असे. शिवाय कोणता अल्बम वाजतो आहे, हे कळावे अशा रीतीने प्लेअर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधत असे. परवानापत्रात या लपवाछपवीचा उल्लेख नव्हता.

खरी अडचण काढताना आली. लपलेल्या फायली हाताने पुसल्या, की सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई. टीका वाढल्यावर कंपनीने काढून टाकण्याचे साधन दिले. परंतु ते वापरणाऱ्याच्या संगणकात कोणत्याही संकेतस्थळाला हवा तो प्रोग्रॅम चालवता येईल अशी फट राहते, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील एड फेल्टन आणि अॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले. रोगापेक्षा औषध जालीम ठरले. त्याच आडोशाला लपणारे ट्रोजनही काही दिवसांत फिरू लागले. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने त्या सीडी परत मागवल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर जानेवारी २००७ मध्ये झालेल्या समझोत्यात, संगणकाचे नुकसान झालेल्या ग्राहकांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले.

या प्रकरणाला वीस वर्षे उलटली, तरी त्यातून मिळणारे धडे जुने झालेले नाहीत. पहिला धडा असा, की बाधित संगणकाने स्वतःविषयी दिलेल्या ग्वाहीवर विसंबता येत नाही. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. म्हणून तपासणी बाहेरून करावी लागते. विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालणारी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

दुसरा धडा असा, की चिवट स्पायवेअर एका जागी राहत नाही. रजिस्ट्रीतील नोंदी, विंडोजच्या सेवा, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स अशा अनेक ठिकाणी ते मुळे रोवते. काही वेळा त्याचे दोन प्रोग्रॅम एकमेकांवर लक्ष ठेवतात. एक बंद केला की दुसरा त्याला पुन्हा उठवतो. रुसिनोविच यांचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन अशा सर्व नोंदी एकत्र दाखवते. त्यातील खरे-खोटे निवडणे मात्र जाणकाराचे काम आहे.

तिसरा धडा औषध देणाऱ्याविषयी आहे. संगणक बाधित असल्याची भीती घालून बनावट सफाई-सॉफ्टवेअर विकण्याचा धंदाच उभा राहिला होता. विनफिक्सरसारख्या उत्पादनांविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनला २००८ मध्ये न्यायालयात जावे लागले. म्हणून अचानक उघडलेल्या खिडकीतून मिळणारे ‘मोफत’ औषध टाळलेलेच बरे. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.

एवढे करूनही लक्षणे परतली, तर इंटरनेट तोडून कागदपत्रे आणि छायाचित्रे तेवढी बाहेर काढावीत, प्रोग्रॅम घेऊ नयेत आणि विंडोज नव्याने बसवावे. जाहिराती थांबल्या म्हणजे सफाई संपली, असे मात्र नाही. हेर आत असताना टाइप केलेला प्रत्येक पासवर्ड बाहेर गेला, असेच धरून चालावे. बँक आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावेत. पैसे गेल्याचे दिसताच बँकेला आणि १९३० या क्रमांकाला तत्काळ कळवावे. नेमकी हीच पायरी सर्वाधिक वेळा राहून जाते.

प्रश्न केवळ तंत्राचा नाही. मालकाच्या परवानगीविना संगणक दूषित करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाईस पात्र आहे. ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बरेचसे स्पायवेअर मोफत सॉफ्टवेअरच्या लांबलचक करारावर ‘मान्य आहे’ म्हणवून घेऊन शिरते आणि पुढे त्या परवानगीचीच ढाल करते. न वाचता दिलेल्या होकाराला संमती म्हणायचे का, हा कळीचा मुद्दा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी, असे म्हटले आहे. ही कसोटी कठोरपणे लावली गेली, तरच त्या शब्दांना अर्थ येईल. सोनीची लबाडी एका तज्ज्ञाच्या संगणकावर पकडली गेली. सामान्य घरात असा तज्ज्ञ नसतो. म्हणूनच जे सॉफ्टवेअर सहज बसवता येते, ते तितक्याच सहज काढता यावे, ही जबाबदारी ते बनवणाऱ्यावरच असायला हवी.