'दोन माणसांची' रबरी बोट, ९५ किलो वजन आणि आपली अक्कल

पावसाळा तोंडावर आला की आपल्या नेरूळ-सीवूड्सच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. "तलावात गळ टाकायला फुगवायची बोट घ्यायची आहे, बजेट कमी आहे, कुठली घेऊ?" खाली धडाधड लिंका पडतात. "भावा ही घे, ऑफर चालू आहे." "ही घे, मी रीलमध्ये बघितली." पण तुझं वजन किती, सोबत कोण येणार, पाणी कुठलं, पोहता येतं का, हे कोणी विचारत नाही. मोबाईल घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल ते चार वेळा बघणारी माणसं बोट घेताना फक्त किंमत आणि फोटो बघतात.

मी सारसोळे गावचा. खाडीच्या कडेला वाढलो. म्हणून स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ द्या.

आधी एक गोष्ट साफ करतो. हौशी माणसाने पाण्यात उतरूच नये, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. आठवडाभर वॉचमनची ड्युटी करून, रिक्षा चालवून, कंपनीत शिफ्ट करून रविवारी दोन तास गळ टाकून बसावंसं वाटलं तर त्यात काय चूक? पैसेवाला कर्जतच्या रिसॉर्टला जाऊन खासगी तळ्यात मासे पकडतो आणि फोटो टाकतो. बाकीच्यांसाठी स्वस्त बोट हाच मार्ग आहे. माझं भांडण त्या 'स्वस्त'च्या हिशोबाशी आहे.

आता खोक्यावरचा आकडा वाचा. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी छोटी बोट म्हणजे इंटेक्सची एक्सप्लोरर २००. लांबी १८५ सेंटीमीटर. 'दोन माणसांची' म्हणून विकली जाते. वजन पेलण्याची मर्यादा ९५ किलो. दोन माणसं, ९५ किलो! आपल्याकडचे दोन बाप्ये घ्या, सत्तर-सत्तर किलोचे. १४० झाले. वर बर्फाचा डबा, गळाचं सामान, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा. त्याच कंपनीची एक्सप्लोरर ३०० तीन माणसांची, मर्यादा १८६ किलो. म्हणजे माणशी ६२. कंपनीने काही लपवलेलं नाही, आकडा छापलेला आहे. लिंक टाकणारा तो वाचत नाही, घेणारा वाचत नाही, आणि मग पाणीच तो वाचून दाखवतं.

त्यामुळे माझा साधा नियम: खोक्यावर किती माणसं लिहिलीत ते विसरा, किलो बघा. तुमचं, सोबत्याचं आणि सामानाचं वजन मिळून त्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आत बसलं पाहिजे. सीहॉक २ ची मर्यादा २०० किलो आहे, तीसुद्धा 'दोघांची'च. माझ्या हिशोबाने त्यात एक माणूस सामानासकट आरामात आणि दोन माणसं जेमतेम. दोघांना नीट बसून गळ टाकायचा असेल तर सीहॉक ४ च्या मापाची घ्या, साधारण साडेतीन मीटर लांब, ४०० किलोची. खोक्यावर 'चार माणसं' असेल, असू द्या. चौघांना त्यात बसवू नका.

दुसरं, हवेचे कप्पे. बोट एकाच फुगवट्याची असेल तर ती खेळणं आहे, पोरांना स्विमिंग पूलसाठी द्या. कमीत कमी दोन-तीन स्वतंत्र कप्पे पाहिजेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तुम्हाला काठापर्यंत आणतील. व्हॉल्व्ह रुंद तोंडाचा आणि हवा परत न सोडणारा पाहिजे, बोस्टन व्हॉल्व्ह म्हणतात तसा. घरी आणल्यावर फुगवून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर परत करा. रात्रभर तशीच ठेवा. थंडाव्याने थोडी ढिली पडते, ते चालतं. सकाळी चादरीसारखी पसरलेली दिसली तर ती बोट तुमची नाही.

तिसरं, ऊन. आपण रबरी म्हणतो, पण या बोटी पीव्हीसीच्या असतात. काठावर उन्हात टम्म फुगवून ठेवलीत तर आतली हवा तापून फुगते आणि जोड सुटतो. थोडी कमी भरा, पाण्यात टाका, गार झाली की मग पूर्ण भरा.

चौथं, मासा. हसू नका. चिलापीच्या पाठीवरचे काटे, शिंगाळ्याचे काटे आणि तुमचा स्वतःचा गळ, बोटीला भोक पाडणारे हे तिघे बोटीतच असतात. झाकणाची बादली न्या, मासा थेट त्यात. गळ टोकाला बुचाचा तुकडा लावल्याशिवाय बोटीत ठेवू नका.

पाचवं, वारा. हे सगळ्यात कमी लोकांना कळतं. लाकडी होडी पाण्यात रुतून बसते, तिला वजन असतं. फुगवलेली बोट पानासारखी वर तरंगते, तिच्या कडा वाऱ्याला शिडासारख्या. वारा सुटला की सोबत आलेली ती प्लास्टिकची वल्ही वाकतात आणि तुम्ही समोरच्या काठाला. म्हणून निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना वारा घरी आणेल. उलटं केलंत की दमलेल्या हातांनी वाऱ्याशी कुस्ती. दोर खोलीच्या तीन-चार पट लांब घ्या, नांगर म्हणून वाळूची पिशवी चालते, आणि तो पुढच्या टोकाला बांधा. कडेला बांधलात तर वाऱ्याने बोट तिरकी ओढली जाते.

वाऱ्याची थट्टा वाटत असेल तर उजनी आठवा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, सहा गेले. ती माणसं वाहून नेणारी बोट होती, तुमच्या हवेच्या पिशवीपेक्षा कितीतरी जड. आणि नागपूरजवळचा वेणा तलाव, ९ जुलै २०१७. बोटीतून पोरांचं फेसबुक लाइव्ह चालू होतं, त्यानंतर बोट उलटली. दोन्ही ठिकाणी पाणी समुद्राचं नव्हतं. 'तलावात काय होतंय' म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लिहून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. दहा हजार बजेट असेल तर दहा हजारांची बोट घेणारा माणूस कच्चा. आधी लाइफ जॅकेट बाजूला काढा, प्रत्येकाला एक. त्यावर ५० न्यूटन लिहिलं असेल तर ते पोहणाऱ्याला आधार देतं, इतकंच. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं घ्या, आयएसओ १२४०२ छापलेलं, स्वतःच्या मापाचं, पट्टे आवळून. मग बरी वल्ही, दोर, पंप, पॅच आणि शिट्टी. जे उरेल त्यात बोट. उरलेल्या पैशात धड बोट बसत नसेल तर यंदा काठावरून गळ टाका. मासा काठालाही येतो. आणि जॅकेट बोटीत उशाला ठेवण्यासाठी नसतं, अंगात घालायचं असतं.

मोटर लावायचे बेत करणाऱ्यांसाठी एकच वाक्य: बॅटरीचं वजनही त्याच किलोत धरायचं, आणि यांत्रिक बोटीला २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ती आधी विचारून घ्या.

आता पाणी कुठलं, यावर. ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, "पामबीचच्या बाजूला एवढं पाणी आहे, तिथेच टाकू की." नाही टाकायची! पामबीचला लागून जे तळं वाटतं त्यातलं बरंचसं धारण तलाव आहे. सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला आणि ओहोटीला सोडायला केलेलं. तळाला गाळ. त्यात उभा राहिलेला माणूस पाय काढायला गेला की आणखी रुततो. डीपीएसचं तळं तर फ्लेमिंगोंचं, तिथे बोट घालून त्यांना उडवायचा कुणाला हक्क नाही. मोरबे धरण महापालिकेचं, तेच पाणी आपण सगळे पितो, तिथला विचारच सोडा.

आणि खाडी? "कोळी जातात ना, मग आम्ही का नाही?" कोळी तिथी बघून जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे त्याला कॅलेंडर न उघडता ठाऊक असतं. त्याची होडी कालवं लागलेल्या दगडावर घासली तर रंग जातो. तुमची घासली तर बोट जाते. तिवरांच्या मुळांत, तुटलेल्या काचांत, देवाला वाहिलेल्या फोटोफ्रेमच्या ढिगात रबरी बोट किती टिकणार? आणि ओहोटी लागली की पाणी तुम्हाला सांगून जात नाही. काठ दिसतो, मध्ये नुसता चिखल. सारसोळे जेट्टीवर येऊन बोट फुगवणाऱ्यांना आमची पोरं अडवतात तेव्हा दादागिरी वाटते. नंतर शोधायला त्याच पोरांना हाक मारतात.

तालुक्यातल्या तलावांबद्दलही एक. तलाव रिकामा दिसतो, पण त्यात रोहू-कटल्याचं बीज कोणीतरी पैसे घालून सोडलेलं असतं. बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. राज्यात आजही कितीतरी ठिकाणी तो मच्छीमार ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं टाकतो, कारण त्याच्याकडे बोटच नाही. तुम्ही नवीकोरी बोट घेऊन त्याचा मासा न विचारता उचलणार, याला हौस म्हणत नाहीत. आधी संस्थेला विचारा, पैसे भरा, पावती घ्या.

इथवर लोकांना सुनावलं. आता प्रशासनाचं. यांच्याकडे प्रत्येक पाण्यावर एकच औषध आहे: पावसाळ्यात मनाई आदेश आणि एक फलक. फलक गंजतो, पोरं मागच्या वाटेने उतरतात, दुर्घटना झाली की चार दिवस बंदोबस्त, पाचव्या दिवशी परत तेच. मनाईने हौस मरत नाही, ती चोरून होते. आणि चोरून जाणारा माणूस अंधारात जातो, जॅकेट न घालता जातो, घरी न सांगता जातो.

पवईला बघा. अँगलिंग असोसिएशन तिथे सभासदांना रीतसर गळ टाकू देते, आणि त्या तलावात तर मगरी आहेत! मुंबईला जमतं ते 'नियोजनबद्ध' नवी मुंबईला का जमू नये?

माझी मागणी चार ओळींची आहे. नगरसेवकांनी आणि पालिकेने वाचावी.

१. गोड्या पाण्याचा एक तलाव ठरवा. पिण्याचा नको, पक्ष्यांचा नको. ठराविक वेळ, स्वस्त पास.
२. जॅकेटशिवाय पाण्यात प्रवेश नाही. काठावर भाड्याने जॅकेट मिळावीत, आणि ते काम गावातल्या बचत गटांना द्या.
३. राखणीला आणि बचावाला सारसोळे, करावे, दिवाळे इथली खाडी जाणणारी पोरं पगारावर घ्या. बुडालेला काढायला फुकट बोलावता, बुडू नये म्हणून पगार द्यायला काय जातं?
४. दुकानदारांनी बोटीवर मराठीत मोठ्या अक्षरांत किलो लिहावेत. 'दोन माणसं' लिहून चालणार नाही.

सिडको १९७० साली आली, त्यानंतर आमच्या जमिनी गेल्या, पामबीच रोडने गाव आणि खाडीच्या मध्ये गाड्या आणून सोडल्या. पाण्याबद्दल जे ज्ञान गावात शिल्लक आहे ते तरी वापरा. ते ऑनलाइन मिळत नाही, ऑफरमध्ये तर नाहीच.

कोणाला बोट घ्यायची असेल तर कमेंटमध्ये आधी आपलं वजन लिहा, मग बजेट. उत्तर नक्की देईन. आणि ज्याच्या घरात ती छोटी 'दोन माणसांची' आधीच येऊन पडली आहे, त्याला टॅग करा. खोकं अजून टाकलं नसेल तर त्यावरचा किलोचा आकडा रविवारच्या आत वाचून घेऊ दे.